टाकीचं झाकण

आमच्या घरी जेवताना आमटीत पेंढ्याची काडी निघाली तर कुणी काही बोलत नसे. ती बाजूला काढायची आणि जेवायचं. कलकत्त्याला भवानीपूरच्या त्या इमारतीत खाली अप्पांचं दुकान होतं आणि वर आमचं बिऱ्हाड. अप्पा शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांना काचसामान पुरवायचे. टेस्ट ट्यूब, बीकर, ब्युरेट, चंबू, नरसाळी. प्रत्येक नग आधी जुन्या बंगाली वर्तमानपत्रात गुंडाळायचा, मग पेंढ्यात निजवायचा, मग खोक्यावर फळ्या ठोकायच्या. मार्चमध्ये कॉलेजांच्या प्रॅक्टिकल परीक्षा जवळ आल्या की आई स्वयंपाक आटोपून खाली यायची, मी कॉलेजातून आल्यावर खाली बसायची, आणि तिघं मिळून आम्ही गुंडाळत राहायचो. बोलणं फारसं नसायचं. कागदाची सळसळ, खिळ्यांवरचे ठोके आणि बाहेरून जाणाऱ्या ट्रामची घरघर. ट्राम गेली की मांडणीवरचे बीकर एकमेकांना लागून किणकिणायचे. मला अजून कुठे काचेची किणकिण ऐकू आली की ट्राम गेली असंच वाटतं.

अप्पांचे वडील नोकरीच्या निमित्ताने कलकत्त्याला आले आणि इथलेच झाले. अप्पांचा जन्म इथला. ते बंगाली बंगाल्यांसारखं बोलायचे आणि घरात मराठीशिवाय शब्द काढू द्यायचे नाहीत. आई नाशिकची. लग्न होऊन आली तेव्हा मोहरीच्या तेलाच्या वासाने तिला दोन महिने जेवण गेलं नव्हतं, असं ती सांगायची. माहेराहून वर्षातून एकदा भाजणीचा डबा यायचा आणि ती तो औषधासारखा पुरवून वापरायची. एकूण घर उदास म्हणावं असं नव्हतं, पण मोकळंही नव्हतं. अप्पांचा एक नियम सगळ्या घराला लागू होता: दिलेल्या दिवशी माल पोचलाच पाहिजे, आणि एकही नग फुटलेला असता कामा नये. त्यात ते कधी चुकले नव्हते, आणि आपण चुकत नाही हे त्यांना फार ठाऊक होतं.

हा माल पोचवायला एक पिकअप होती. पेट्रोलवर चालणारी, निळ्या रंगाची, आमच्याकडे आली तेव्हाच जुनी. अप्पांची नजर लहानपणापासून अधू होती, त्यामुळे ते गाडी चालवायला शिकलेच नाहीत. गाडी चालवायचे सूर्यदेवकाका. बिहारमधल्या छपऱ्याकडचे, उंच, सावळे, पांढऱ्या मिशांचे. मी तिसरीत असल्यापासून ते आमच्याकडे होते. त्यांचं बिऱ्हाड खिदिरपूरला गोदीजवळ एका खोलीत होतं, बायकामुलं गावी. दुपारचं जेवण आमच्याकडे, जिन्याखालच्या बाकावर. आई त्यांच्यासाठी थालीपीठ लावायची तेव्हा भाजणीचा हिशेब सोडून लावायची. ते तिला ‘माताजी’ म्हणायचे, मला ‘मंजू बिटिया’. खड्डा आला की ते गाडी इतकी हळू घ्यायचे, की मागचे रिक्षावाले ओरडायचे. ते म्हणायचे, “पीछे काँच सो रहा है, उसको जगाना नहीं है.”

मी कॉलेजात गेले त्या वर्षी त्यांनी मला गाडी शिकवली. रविवारी सकाळी मैदानाच्या कडेच्या रस्त्यावर, धुकं असताना. अप्पांनी परवानगी दिली ती ‘कधी अडलं तर उपयोगी पडेल’ म्हणून. क्लच सोडायची मला घाई व्हायची. सूर्यदेवकाका रस्त्याकडे बघत म्हणायचे, “जल्दी किस बात की है? गाड़ी का सुनो पहले.” मला बाकी कुणीही शिकवताना इतकं शांत राहिलेलं आठवत नाही. अप्पांनी गणित शिकवलं होतं, ते आठवलं की अजून पाढे चुकतात.

आता झाकणाचं सांगते. गाडीच्या पेट्रोलच्या टाकीचं झाकण एका साखळीने अडकवलेलं असायचं. ती साखळी गंजून तुटली आणि झाकण कुठेतरी रस्त्यात पडलं. सूर्यदेवकाकांनी टाकीच्या तोंडावर फडकं कोंबलं आणि सांगितलं की रविवारी मी स्वतः जाऊन बरोबर बसेल असं घेऊन येतो. अप्पांना धीर नव्हता. फडकं म्हणजे आगीला आमंत्रण, असं म्हणून त्यांनी मला कॉलेजातून येता येता झाकण आणायला सांगितलं. गाड्यांच्या जुन्या भागांची गल्ली माझ्या वाटेवरच होती. दुकानदाराने त्या मापाची दोन झाकणं पुढे ठेवली. एक काळपट, त्याच्या मधोमध सुईएवढं भोक. दुसरं चकचकीत, अखंड. भोक पडलेलं झाकण कोण घेईल? मी ते त्याच्याकडे सरकवलं आणि चकचकीत घेऊन आले. अप्पा म्हणाले, “छान, घट्ट बसतंय.” सूर्यदेवकाकांनी ते फिरवून पाहिलं, मान हलवली. मला बरं वाटलं. गाडीसाठी मी आणलेली ती पहिली वस्तू होती.

त्या आठवड्यापासून गाडी बंद पडायला लागली.

सुरुवातीला कुणाला विशेष वाटलं नाही. जुनी गाडी, बंद पडायचीच. पण या बंद पडण्याची तऱ्हा विचित्र होती. सकाळी एका फटक्यात सुरू व्हायची, अर्धा तास उत्तम चालायची, आणि मग कुणीतरी गळा धरल्यासारखे आचके देत थांबायची. दहा-पंधरा मिनिटं उभी राहिली की पुन्हा सुरू, जणू काही झालंच नव्हतं. हाजरा रोडवर नीलूदाचं गॅरेज होतं. नीलूदा बुटका, बोलका बंगाली मिस्त्री, तोंडात सतत विडी, पण पेटवलेली नाही. तो प्रत्येक वेळी आधी टाकीचं झाकण उघडून आत काडी घालून पेट्रोल बघायचा, मग बॉनेट उघडायचा. कार्ब्युरेटर उतरवून धुतला. गाडी चालली, दोन दिवसांनी बंद. फिल्टर बदलला. चालली, बंद. प्लग घासले, पॉइंट बदलले, कॉइल तापत असेल म्हणून नवी घातली, पेट्रोलचा पंप उघडून त्याचा पडदा बदलला, नळीत फुंकर मारून कचरा काढला. नीलूदाच्या गॅरेजात गाडी तासन्‌तास सुरू ठेवली तरी ती हूं की चूं करायची नाही. आज मला कळतं की करणारच नव्हती. त्याने सुरुवातीलाच झाकण उघडलेलं असायचं, आणि काम संपेपर्यंत ते टपावर पडलेलं असायचं.

आमच्या सुनेची गाडी परवा बिघडली तर मिस्त्रीने एक वायर जोडली, पडद्यावर बिघाडाचा नंबर आला आणि दहा मिनिटांत तो निघून गेला. मी खिडकीतून बघत होते. माझ्या मनात आलं, तेव्हा असा पडदा असता तर एका माणसाचं आयुष्य सरळ गेलं असतं. मग वाटलं, पडद्याचं कशाला, आमच्यातल्या कुणी जरा थांबून विचार केला असता तरी पुरे होतं.

गाडी बंद पडत राहिली तशी अप्पांची मर्जी गेली. ते जेवताना घड्याळ बघायचे. लोडशेडिंगमध्ये पंखा थांबला की ताट अर्धं टाकून उठायचे. त्यांनी एक गोष्ट हेरली होती: पेट्रोल भरून आणलं की त्रास वाढतो, टाकी अर्ध्यावर आली की कमी होतो. ही गोष्ट खरी होती. तिचा अर्थ मात्र त्यांनी वेगळा लावला. पेट्रोल भरायला सूर्यदेवकाका एकटे जायचे. त्या काळी पेट्रोल काढून विकायचं आणि टाकीत रॉकेल मिसळायचं, हे ड्रायव्हर लोकांचं सगळ्यांना माहीत असलेलं दुखणं होतं. नीलूदा एकदा हात पुसत बंगालीत म्हणाला, मशीनमध्ये तर काही नाही दादा, तेलातच गोलमाल असेल. त्याला पंपावरचं पेट्रोल म्हणायचं असेल. अप्पांनी ते वाक्य घरी आणलं आणि मनात ठेवलं.

त्या दिवशी गार्डन रीचच्या एका कॉलेजला माल पोचवायचा होता. दुसऱ्या दिवशी त्यांची परीक्षा. सोळा खोकी. सकाळीच टाकी भरून आणली होती. सह्या घ्यायला म्हणून अप्पांनी मला बरोबर पाठवलं. खिदिरपूरच्या पुलाअलीकडे मोठी रांग लागली होती. जहाज जायचं होतं म्हणून तो हलता पूल रहदारीला बंद होता. तो उघडला, रांग हलली, आम्ही चढावर आलो आणि गाडीने आचका दिला. सूर्यदेवकाका हळू आवाजात म्हणाले, “नहीं, नहीं, अभी नहीं.” मी त्यांना गाडीशी असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. इंजिन बंद झालं. त्यांनी हँडब्रेक ओढला, मला म्हणाले, बसून राहा, आणि मागच्या लॉरीला थांबायची खूण करायला ते उतरून मागे गेले.

लॉरी फार जोरात आली नव्हती. धक्काही फार मोठा नव्हता, आणि धडकून ती चढावावरून थोडी मागे गेली. पण आमच्या गाडीचं मागचं फळकट निखळलं आणि चढावामुळे वरची खोकी एकेक करून मागे सरकायला लागली. मी खाली उतरले तेव्हा सूर्यदेवकाका दोन्ही हात पसरून खोकी अडवत उभे होते. जड खोकी, एकावर एक. त्यांना बाजूला होता आलं असतं. ते झाले नाहीत. एक खोकं त्यांच्या छातीवरून घसरून फुटलं, त्यांनी ते पकडायला उजवा हात घातला आणि फळीतून बाहेर आलेली काच तळहातात खोल गेली. एवढ्या काचा एकदम फुटल्या तर मोठा आवाज होईल असं वाटतं. पेंढ्यामुळे तसा होत नाही. आतल्या आत काहीतरी चुरडल्यासारखा आवाज येत राहिला. मागचे लोक हॉर्न वाजवत होते. कुणीतरी गमछा दिला, तो मी त्यांच्या हाताला गुंडाळला आणि तो लगेच भिजला. ते मला म्हणत होते, “कितना बचा, बिटिया? गिनो तो.”

पाच खोकी वाचली होती. कॉलेजने दुसऱ्याकडून माल घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सूर्यदेवकाका आले. हाताला कोपरापर्यंत पट्टी. आईने नेहमीसारखं त्यांचं ताट बाकावर ठेवलं. ते बसणार तेवढ्यात अप्पांनी दुकानातून हाक मारली. मी मांडणीपाशी उभी होते.

“सूर्यदेव, सच बोलो,” अप्पा म्हणाले. “केरोसीन कब से मिला रहे हो?”

सूर्यदेवकाकांना आधी कळलंच नाही. “क्या, बाबूजी?”

“पेट्रोल भरा कि गाड़ी बंद. हर बार. नीलू भी कहता है तेल में गोलमाल है. भरने तुम जाते हो.”

सूर्यदेवकाका म्हणाले, “टंकी खोल के सूँघ लीजिए.”

“मुझे सूँघने की ज़रूरत नहीं है.”

एवढंच. आरडाओरडा नाही, हातवारे नाहीत. सूर्यदेवकाकांनी डाव्या हाताने उजव्या खिशातली किल्ली काढायचा प्रयत्न केला, पट्टीमुळे ती निघेना. मी पुढे व्हायला हवं होतं, झाले नाही. शेवटी निघाली. त्यांनी ती टेबलावर ठेवली, माझ्याकडे न बघता जिन्याखालून गेले, ताटाला वळसा घालून. आई वरून बघत होती. तिने खाली येऊन ताट उचललं आणि अप्पांना मराठीत म्हणाली, “जेवायला बसलेल्या माणसाला उठवलंत तुम्ही.” त्यानंतर कितीतरी दिवस ती त्यांच्याशी लागेल तेवढंच बोलायची. आणि मी? मला अप्पांचं पटलं होतं, हे मी इथे लिहायला हवं. पूर्ण नाही, पण पटलं होतं. पुलावर त्यांचा हात बांधताना रक्ताने लाल झालेलं माझं पातळ आईने अजून धुतलं नव्हतं, आणि तरी मी मनात म्हटलं की काहीतरी असेल, त्याशिवाय अप्पा असं म्हणणार नाहीत.

फळकट दुरुस्त होऊन गाडी आली. नवा ड्रायव्हर मिळेना, म्हणून एका रविवारी अप्पा मला म्हणाले, तू चालव. गार्डन रीचच्या कॉलेजात माफी मागायला जायचं होतं. प्राचार्य तिथेच राहायचे. वाटेत अप्पांनी वेगळ्या पंपावर गाडी थांबवायला लावली आणि स्वतः उतरून, चष्मा पुसून, नळी टाकीत जाईपर्यंत तिथे उभं राहून पेट्रोल भरून घेतलं. झाकणही स्वतः लावलं, घट्ट.

पंचवीस मिनिटांनी, नदीकाठच्या रस्त्यावर, गाडीने आचका दिला आणि ती थांबली.

रविवारची दुपार, रस्ता रिकामा, कारखान्याच्या लांबलचक भिंतीशिवाय आजूबाजूला काही नाही. मी उतरले. नीलूदा करायचा तसं आधी पेट्रोल बघावं म्हणून झाकण फिरवलं, आणि ते सुटताना टाकीने श्वास ओढला. सूंऽऽ असा लांब आवाज. रहदारीत तो कधीच ऐकू आला नसता. मी काडी घातली, टाकी भरलेली होती. झाकण लावलं, किल्ली फिरवली, गाडी सुरू झाली. पुढे वीसएक मिनिटांनी पुन्हा थांबली. पुन्हा झाकण, पुन्हा तो आवाज, पुन्हा सुरू.

मी रसायनशास्त्र शिकत होते. आमच्या दुकानात विलगनाची नरसाळी असायची, वर बूच आणि खाली तोटी असलेली. वरचं बूच काढल्याशिवाय तोटी उघडली तर द्रव दोन थेंब पडतो आणि थांबतो, कारण वरून हवा आत जायला वाट नसते. पहिल्या वर्षाच्या मुलीलाही हे माहीत असतं. मला माहीत होतं. झाकण हातात घेऊन मी त्या रस्त्यावर उभी राहिले आणि मला सुईएवढं भोक असलेलं ते काळपट झाकण डोळ्यांपुढे दिसलं. ते भोक पाडलेलं होतं, पडलेलं नव्हतं. टाकी काठोकाठ भरलेली असली की वर हवा थोडी, म्हणून गाडी लवकर बंद. अर्धी असली की उशिरा. सगळं जुळत होतं.

मी अप्पांच्या बाजूच्या खिडकीशी गेले आणि सांगितलं. नरसाळ्याचं उदाहरण दिलं, कारण तेवढंच मला नीट बोलता येत होतं. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही.

“झाकण कुणी आणलं होतं?” त्यांनी विचारलं.

“मी.”

“हं.” त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. “हे कुणाला सांगू नकोस.”

“आणि सूर्यदेवकाकांना?”

“तो गेला. त्याने दुसरीकडे काम धरलं असेल.”

“तुम्ही त्यांना चोर म्हणालात, अप्पा.”

“मी म्हणालो. तू नाही म्हणालीस,” ते म्हणाले. “ते माझं मी बघेन. गाडी काढ.”

प्राचार्यांना भेटून घरी आल्यावर त्यांनी झाकण दुकानाच्या दगडी उंबऱ्यावर ठेवलं, खोक्याचा एक खिळा घेतला आणि मधोमध ठोकून भोक पाडलं. कडा खरवडून साफ केल्या. गाडी त्यानंतर पुन्हा तशी बंद पडली नाही.

मी वाट पाहिली. ‘माझं मी बघेन’ म्हणाले होते, म्हणजे ते जातील असं मला वाटत होतं. रोज संध्याकाळी ते दुकानाला कुलूप लावून वर आले की मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची. पंधरा दिवस गेले. सोळाव्या दिवशी कॉलेजात न जाता मी खिदिरपूरची बस पकडली.

त्यांची खोली शोधायला वेळ लागला नाही, गल्लीत सगळे त्यांना ओळखत होते. ते खोलीवर नव्हते. गोदीजवळच्या एका गोदामाच्या फाटकापाशी स्टुलावर बसले होते, मांडीवर वही, आतबाहेर जाणाऱ्या गाड्यांचे नंबर डाव्या हाताने लिहीत. अक्षर लहान मुलासारखं वेडंवाकडं. पट्टी निघाली होती. उजव्या हाताची दोन बोटं आत वळलेली होती आणि सरळ होत नव्हती. म्हणजे स्टिअरिंग धरायचा प्रश्नच नव्हता. मला पाहून ते उभे राहिले, शेजारच्या टपरीवरून चहा मागवला आणि आईची चौकशी केली.

मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. झाकण, भोक, तो आवाज. हिंदीत सांगताना शब्द सापडत नव्हते. त्यांनी मला सावकाश बोलू दिलं, आणि मग एखादा मिस्त्री विचारतो तसे प्रश्न विचारले. आवाज किती वेळ आला? झाकण उघडल्या उघडल्या गाडी सुरू झाली की थांबावं लागलं? टाकी किती भरली होती? मी उत्तरं दिली. त्यांनी वही मिटली.

“ढक्कन,” ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा, “टंकी का ढक्कन.”

“गलती मेरी थी, काका. मैंने चुना था.”

“तुम क्या जानो. तुम तो बच्ची हो.” ते माझ्याकडे बघत नव्हते. “गाड़ी मेरे हाथ में थी. बीस बरस गाड़ियाँ चलाईं. मुझको दिखना चाहिए था.”

मी त्यांना निर्दोष ठरवायला गेले होते. मला वाटलं होतं, ऐकून त्यांना हलकं वाटेल. इतके दिवस ते धरून चालले होते, असं चहा येईपर्यंत त्यांनीच सांगितलं होतं, की पंपवाला पेट्रोलमध्ये पाणी घालतो. त्याच्याशी जाऊन भांडलेही होते. आपण चोर नाही हे त्यांना ठाऊकच होतं, ते मी सांगायची गरज नव्हती. मी त्यांना नवीन जे दिलं ते एवढंच, की एक साधी गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटली, आणि त्यापायी त्यांचा हात गेला. त्यांच्या चेहऱ्यावर ते उतरताना मला दिसलं. परत घेता येण्यासारखं ते नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, “बाबूजी जानते हैं?”

“हाँ.”

“कब से?”

खोटं बोलायला हवं होतं. मला सुचलं नाही. “पंद्रह दिन,” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. एक लॉरी फाटकात आली, तिचा नंबर त्यांनी हळूहळू लिहून घेतला. चहा मी संपवला याची खात्री केली आणि ते मला बसपर्यंत पोचवायला आले. बस दिसल्यावर म्हणाले, “घर जाके कहना, सूर्यदेव मिला नहीं. गाँव चला गया.”

“क्यों?”

“बाबूजी को फिर आना पड़ेगा. उनसे होगा नहीं.”

त्या संध्याकाळी जेवताना मी सांगितलं, की मी खिदिरपूरला गेले होते, ते सापडले नाहीत, गावी गेलेत. आईचा हात पोळी लाटताना थांबला. अप्पा भात कालवत होते. “बरं,” ते म्हणाले. पुढे एक शब्दही विचारला नाही. पुढच्या वर्षी त्यांनी पिकअप विकली आणि माल भाड्याच्या गाडीने पाठवायला लागले. परीक्षेत मी रडतखडत पास झाले. मी पुन्हा खिदिरपूरला गेले ती लग्न ठरल्यावर, पत्रिका घेऊन. गोदामाच्या फाटकावर दुसराच माणूस होता. सूर्यदेवबाबू खरंच गावी गेले, तो म्हणाला, हात साथ देत नव्हता म्हणून. पत्ता त्याच्याकडे नव्हता. आमच्याकडेही नव्हता, इतकी वर्षं जेवू घातलेल्या माणसाच्या गावाचं नाव आमच्यापैकी कुणी लिहून ठेवलं नव्हतं.

अप्पांना अर्धांगवायू झाला तेव्हा आई जाऊन वर्ष झालं होतं. मी दुपारी त्यांना भरवायला जायची. वाचा गेली नव्हती, पण शब्द सावकाश यायचे, आणि ओठाच्या एका बाजूने पेज ओघळायची ती पुसावी लागायची. एकदा मध्येच त्यांनी विचारलं, “तू खिदिरपूरला गेली होतीस... सूर्यदेव भेटला होता ना तुला?”

मी चमचा वाटीत ठेवला. बारा-तेरा वर्षं मी ते खोटं सांभाळलं होतं. “हो,” मी म्हणाले.

“वाटलंच होतं. काय म्हणाला?”

“म्हणाले, गाडी माझ्या हातात होती, मला दिसायला हवं होतं.”

“शिव्या नाही दिल्या?”

“नाही.”

“मला?”

“नाही, अप्पा. कुणालाच नाही.”

त्यांचा चांगला हात चादरीवर सरकत राहिला, काहीतरी शोधत असल्यासारखा. “तो शिव्या देईल,” ते म्हणाले, “एवढ्याचसाठी मी गेलो नाही.”

मी चमचा पुन्हा भरला. पेज निवली होती.